पुणे मेट्रो: गाडीला साडेचार तारे, जिन्याखाली दोन

वनाझला बसायचं आणि रामवाडीला उतरायचं, एवढंच काम असेल तर पुणे मेट्रोबद्दल कुरकुर करायला फारसं काही सापडत नाही. गाडी तीन डब्यांची, एक डबा महिलांसाठी राखीव, गारवा बेताचा, पुढचं स्थानक कोणतं ते मराठीत ऐकू येतं. कर्वे रस्ता, डेक्कन, स्टेशन, बंडगार्डन असं करत संध्याकाळी दुचाकीवर जीव मेटाकुटीला येतो, ते अंतर इथे अर्ध्या तासाच्या आसपास संपतं. अडचण एकच. वनाझला फार कोणाचं घर नाही आणि रामवाडीला फार कोणाचं ऑफिस नाही. घर कोथरूडच्या आतल्या गल्लीत, नाहीतर बावधनला. ऑफिस खराडी किंवा विमाननगरला. म्हणून गाडीचं परीक्षण वेगळं आणि जिन्याखालचं वेगळं करावं लागतं. दोन्हींचा पैसा वेगवेगळ्या खिशांतून येतो आणि सेवेतला सगळा फरक तिथून सुरू होतो.

आधी गाडीचं. पहिल्या टप्प्यात दोन मार्गिका आहेत, मिळून सुमारे ३३ किलोमीटर आणि ३० स्थानकं. जांभळी पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून स्वारगेटपर्यंत, निळसर वनाझ ते रामवाडी. भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ ला झालं, पहिली गाडी ६ मार्च २०२२ ला धावली, आणि स्वारगेट गाठायला २९ सप्टेंबर २०२४ उजाडलं. मधली अडीच वर्षं मेट्रो तुकड्यातुकड्यांनी उघडत गेली. सुरुवातीच्या काळात ती बघूनच ज्यांनी ‘ही काही कामाची नाही’ असं ठरवलं, त्यांनी स्वारगेटपर्यंतच्या मेट्रोला पुन्हा एक संधी द्यायला हरकत नाही. आता सकाळी ६ ते रात्री ११ गाड्या आहेत. गर्दीच्या वेळी सहा-सात मिनिटांनी, एरवी दहा मिनिटांनी. वेळापत्रक बघून घराबाहेर पडायची गरज नाही, हे पुण्याच्या सार्वजनिक वाहतुकीत नवीनच आहे.

तिकीट किमान १० रुपये, कमाल ३५. रोख, अ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, यंत्र, कार्ड असे सगळे रस्ते खुले आहेत, पण रोज जाणाऱ्याने कार्डच घ्यावं. सोमवार ते शुक्रवार कार्डावर १० टक्के सवलत मिळते, शनिवार-रविवारी ३० टक्के, आणि विद्यार्थी कार्डावर ३० टक्के. हिशोब करून बघा. ३० रुपयांचा टप्पा, जाऊन-येऊन ६०, महिन्याचे २६ दिवस धरले तर १,५६० रुपये. साध्या कार्डावर, शनिवारची जादा सवलत सोडून दिली तरी, ते १,४०४ होतात. विद्यार्थ्याला १,०९२. शंभर रुपयांच्या दैनिक पासाच्या मोहात मात्र उगाच पडू नका. सगळ्यात लांबच्या टप्प्याचे तीन प्रवास केले तर तो जेमतेम वसूल होतो, आणि शनिवार-रविवारच्या सवलतीत तोच ३५ चा प्रवास साडेचोविसात बसतो, म्हणजे पास वसूल करायला पाच वेळा टोकाला जावं लागेल. पाहुण्यांना दिवसभर शहर दाखवायचं असेल तर गोष्ट वेगळी. सायकल गाडीत नेता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

मार्गिका बदलायची ती सिव्हिल कोर्टाला, म्हणजे पाटीवरच्या ‘जिल्हा न्यायालय’ स्थानकात. स्वारगेटची गाडी इथे जमिनीखाली ३३ मीटरवर, वनाझ-रामवाडीची गाडी रस्त्याच्या वर. बांधकाम म्हणून हे पुणे मेट्रोतलं सर्वात देखणं काम आहे. छत असं ठेवलंय की दिवसा फलाटापर्यंत ऊन उतरतं. प्रवासी म्हणून मात्र सरकत्या जिन्यांची एकापाठोपाठ एक अशी रांग चढायची असते. धडधाकट माणसानेही सहा-सात मिनिटं धरून चालावं. सामान असेल किंवा गुडघे बोलत असतील तर थेट लिफ्ट शोधा, आणि पाटी वाचून कोणत्या मार्गिकेची ते बघूनच आत शिरा. चुकीच्या लिफ्टने बाहेर रस्त्यावर आलात तर पुन्हा बॅग तपासणीपासून सुरुवात.

भुयारी टप्पा शिवाजीनगर ते स्वारगेट. कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्थानकं शहराच्या जुन्या भागाला मिळालेली खरी देणगी आहेत. लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला चारचाकी घेऊन जाण्याला आता कसलंही समर्थन उरलेलं नाही. गणपतीत उतरायला कसबा आणि परतायला मंडई, हा क्रम लक्षात ठेवा. उलट केलं की दोन्ही बाजूंच्या लोंढ्यात अडकायला होतं.

इथपर्यंत साडेचार तारे. आता जिना उतरू.

नदीकाठची दोन स्थानकं आधी घेऊ, डेक्कन आणि छत्रपती संभाजी उद्यान. मूळ आखणीत मार्ग जंगली महाराज रस्त्यावरून होता. उन्नत की भुयारी या वादात काही वर्षं गेली आणि शेवटी मार्ग रस्त्यामागे, मुठेच्या काठाला सरकला. रस्ता वाचला, प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत जाऊन आलं, गाडी धावू लागली. पण ज्या रस्त्यावर माणसं चालतात, दुकानं आहेत, बस थांबतात, त्या रस्त्यापासून स्थानक दूर गेलं. मग ती चूक भरून काढायला नदीवर पादचारी पूल, पलीकडच्या पेठांना जोडण्यासाठी. म्हणजे आधी वाद मिटवायला मार्ग हलवला, नंतर मार्ग हलवल्याचा खर्च पुलाच्या रूपाने भरला. नकाशावर दीडदोनशे मीटरचं अंतर क्षुल्लक दिसतं. जूनमध्ये छत्री धरून, चिखलातून, गाड्यांच्या मधून ते पार करा, म्हणजे त्याची किंमत कळते.

येरवड्याचंही असंच. रामवाडीपर्यंत गाडी मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, येरवडा स्थानक उघडलं ऑगस्टमध्ये. नगर रस्त्यावर उतरणारा जिना वाहतुकीच्या आड येतो म्हणून तो काढून दुसरीकडे घ्यावा लागला. खडकीच्या स्थानकासमोरून गाड्या ऑगस्ट २०२३ पासून जात होत्या, दार उघडलं जून २०२५ मध्ये. शिवाजीनगरला तर मजाच. मेट्रो, लोकल आणि एसटी एकाच जागी, असं हे आदर्श ठिकाण. पण मेट्रोच्या कामासाठी एसटी स्थानक वाकडेवाडीला हलवलं आणि मेट्रो धावू लागली तेव्हा ते तिकडेच होतं. नाशिक-संभाजीनगरहून येणाऱ्या माणसाने बॅगा घेऊन मेट्रोपर्यंत रिक्षा करायची. ज्या स्थानकाचा सगळा अर्थ जोडणीत होता, तिथेच जोडणी तुटली.

हे निष्काळजीपणातून झालं म्हणावं, तर गाडीच्या आत तो कुठे दिसत नाही. उत्तर पैशाच्या रचनेत आहे.

पहिल्या टप्प्याला केंद्राने मंजुरी दिली डिसेंबर २०१६ मध्ये, मंजूर खर्च ११,४२० कोटी. वाटणी ढोबळमानाने अशी: केंद्र २० टक्के, राज्य २० टक्के, दोन महापालिका मिळून १० टक्के, आणि उरलेले ५० टक्के कर्ज. कर्ज मुख्यतः युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचं, ६० कोटी युरो, आणि त्याच्या जोडीला फ्रान्सच्या विकास संस्थेचं. पालिकांनी वाटा उचलला त्यात जमिनी आल्या. वनाझचा डेपो उभा आहे तो कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर, आणि जमिनीचा इतका चांगला वापर पुण्यात क्वचितच झाला असेल. पण ही वाटणी ‘प्रकल्पा’ची आहे. प्रकल्प म्हणजे खांब, बोगदा, रूळ, डबे, सिग्नल, स्थानक. स्थानकाबाहेरचा पदपथ पालिकेच्या पथ विभागाचा. बस पीएमपीची, म्हणजे दोन्ही शहरांच्या बससेवेची. रिक्षाथांबा आरटीओ आणि वाहतूक पोलिसांच्या हद्दीतला. कर्ज देणारी बँक बोगद्याची प्रगती मोजते; जिन्याखालच्या तुटक्या फरशा तिच्या तक्त्यात येत नाहीत.

विशेष म्हणजे २०१७ च्या केंद्रीय मेट्रो धोरणाने नेमकी हीच फट बुजवायचा प्रयत्न केला. स्थानकाच्या दोन्ही बाजूंच्या पाच किलोमीटर परिसरातून माणूस मेट्रोपर्यंत कसा पोहोचणार, त्यासाठी स्थानकापर्यंत ने-आण करणाऱ्या फीडर बस, पदपथ, सायकलमार्ग कोणते आणि त्यांचा पैसा कुठला, हे प्रकल्प अहवालातच लिहून द्यायचं. शहरात एकात्मिक महानगर वाहतूक प्राधिकरण उभारायची हमी द्यायची. आधी सर्वंकष वाहतूक आराखडा, मग पर्यायांची तुलना, म्हणजे बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका) पुरेशी आहे की मेट्रोच हवी, आणि आर्थिक परतावा किमान १४ टक्के दाखवायचा. खाजगी सहभागाशिवाय केंद्राचा पैसा नाही. पुण्याचा पहिला टप्पा या धोरणाच्या काही महिने आधी मंजूर झाला, त्यामुळे यातलं काहीच त्याच्यावर बंधनकारक नव्हतं. अंदाज होता रोज सुमारे सहा लाख प्रवाशांचा. दोन्ही मार्गिका पूर्ण जोडल्यावर २०२५ मध्ये कामाच्या दिवशीचा आकडा दोन लाखांच्या आसपास पोहोचला. उरलेले प्रवासी कुठे आहेत, ते स्थानकाखालच्या रस्त्यावर उभं राहिलं की दिसतं. दुचाकीवर.

ते दुचाकीवर का, याचाही हिशोब आहे. घरापासून स्थानक अडीच किलोमीटर, पुढे पंधरा किलोमीटर मेट्रो, मग पुन्हा अडीच किलोमीटर. १ जून २०२५ पासून पीएमपीचं पाच किलोमीटरपर्यंतचं भाडं १० रुपये आहे. म्हणजे १० अधिक ३० अधिक १०, एका बाजूचे ५०, दिवसाचे १००. तेच ४० किलोमीटर दुचाकीवर, लिटरला ४५ चा अ‍ॅव्हरेज आणि लिटरमागे शंभरच्या थोडं पुढे दर धरला, तर नव्वदच्या आसपास. पैसे जवळजवळ सारखे, आणि दुचाकीला वाट बघावी लागत नाही. पीएमपीच्या अ‍ॅपवर मेट्रोचं तिकीट निघतं हे खरं, पण ती एकाच पडद्यावरची दोन वेगळी तिकिटं आहेत. प्रवास एक, किमान भाडं तीनदा. उपाय लांबचा नाही: मेट्रोतून उतरून ठरावीक वेळेत बस पकडली तर फीडरचं भाडं माफ. पण माफ झालेले दहा रुपये कोणाच्या खात्यावर टाकायचे, हे ठरवणारं कोणी नाही. पीएमपीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका साधारण ६०-४० अशी भरतात. मेट्रोची कंपनी केंद्र-राज्याची. दोघांच्या ताळेबंदात ही सवलत नुसता तोटा म्हणून दिसते, फायदा दिसतो तो तिसरीकडेच, मोकळ्या झालेल्या रस्त्यावर.

फीडर बस चालवणंही वाटतं तितकं सोपं नाही. बारा मीटरची बस कोथरूडच्या आतल्या सोसायट्यांमधून वळत नाही. तिथे सात किंवा नऊ मीटरची लागते. पेठांसाठी २०२१ मध्ये निघालेली ‘पुण्यदशम’, सात मीटरची गाडी, दिवसभराला दहा रुपये, ही मापाने बरोबर होती. ठेकेदाराच्या बसला पैसे किलोमीटरवर द्यायचे असतात, गर्दी असो वा नसो. त्यामुळे तूट वाढली की पहिला हात फिरतो तो छोट्या मार्गाच्या फेऱ्यांवर. फेऱ्या वीस-पंचवीस मिनिटांवर गेल्या की प्रवासी तुटतो, प्रवासी तुटला की ‘प्रतिसाद नाही’ म्हणून मार्ग बंद. दर दहा मिनिटांनी, निदान वर्षभर, रिकामी धावली तरी धावू द्यायची, एवढी तरतूद अंदाजपत्रकात आधी करून ठेवली तरच फीडर टिकतो.

तिसरी मार्गिका या सगळ्याचा वेगळा नमुना आहे. हिंजवडी ते शिवाजीनगर, २३.३ किलोमीटर, २३ स्थानकं, ८,३१३ कोटी. ही महामेट्रोची, म्हणजे पहिल्या दोन मार्गिकांच्या केंद्र-राज्य कंपनीची नाही. पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) टाटा-सीमेन्स गटाला ३५ वर्षांच्या कराराने दिलेली, २०१७ च्या धोरणाखालची देशातली पहिली खाजगी भागीदारीची मेट्रो. सरकारकडून तूटभरपाई निधी, जोडीला व्यावसायिक विकासासाठी जमीन, बाकी पैसा कंपनीने उभा करायचा. कागदावर सरकारचा भार हलका होतो. पण वेगळा मालक म्हणजे वेगळं यंत्र. महामेट्रोच्या गाड्या डोक्यावरच्या तारेतून २५ हजार व्होल्ट घेतात, हिंजवडीच्या गाड्या रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्ट. एकीची गाडी दुसरीच्या मार्गावर कधीच धावू शकणार नाही, डेपो वेगळा, सुटे भाग वेगळे. दोन्ही सिव्हिल कोर्टाला भेटतात, पण प्रवाशाने तिथे पुन्हा चालायचं. शिवाय मार्च २०२५ ची मुदत हुकली.

या मार्गिकेसाठी विद्यापीठ चौकातले जुने उड्डाणपूल २०२० च्या जुलैत पाडले, आणि त्या जागी खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो असा दुमजली सांगाडा उभारायला घेतला. नवा आराखडा चांगलाच आहे. पण जुने पूल बांधले तेव्हा मेट्रोचा विचार कागदावर आणला असता तर दोनदा पैसा आणि पाच वर्षांची कोंडी वाचली असती. एकाच चौकाचं भविष्य तीन संस्था तीन फायलींत लिहितात, त्याचा हा परिणाम.

पुढच्या टप्प्यांचे आकडे शेजारी मांडले की नियोजनातल्या निवडी स्पष्ट होतात. निगडीची वाढ, ४.४१ किलोमीटर उन्नत, ९१० कोटी: किलोमीटरला सुमारे २०६ कोटी. वनाझ-चांदणी चौक आणि रामवाडी-वाघोली, १२.७५ किलोमीटर, ३,६२६ कोटी: २८४. खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी आणि नळस्टॉप-वारजे-माणिकबाग, सुमारे ३१.६ किलोमीटर, ९,८५८ कोटी: ३१२. स्वारगेट-कात्रज, ५.४६ किलोमीटर भुयारी, २,९५४ कोटी: ५४१. भुयाराची किंमत ही अशी. कात्रजच्या मूळ मंजुरीत या अंतरात तीनच स्थानकं होती. दोन स्थानकांत दीड-दोन किलोमीटर म्हणजे मधल्या वस्तीच्या पायाखालून गाडी नुसती जाणार. लोकांनी आवाज उठवला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याने बालाजीनगर आणि बिबवेवाडी ही दोन वाढवली, जादा खर्च सुमारे ६८३ कोटी. एका भुयारी स्थानकाला ३४० कोटी. इलेक्ट्रिक बस दीड कोटीची धरली तर त्यात दोनशेहून जास्त बस येतात. आमच्या मते स्थानकं वाढवली हे योग्यच झालं, कारण बोगदा झाल्यावर मध्ये स्थानक घुसवणं जवळपास अशक्य. पण तीन स्थानकांचा खर्च दाखवून किलोमीटरचा दर आटोक्यात ठेवायचा, मंजुरी मिळवायची आणि मग पाच करायची, ही सवय महागात पडते.

हा पैसा तुमच्याकडूनही येतो, मेट्रोत पाय ठेवला नसला तरी. १ एप्रिल २०२२ पासून पुण्यात घराच्या खरेदीवर मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो अधिभार आहे. ८० लाखांच्या सदनिकेवर ८० हजार. रोजचे साठ रुपये आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर सव्वाचार वर्षांचं मेट्रोभाडं घराच्या दस्तातच भरून झालं. दुसरा मार्ग मेट्रोपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात मिळणाऱ्या जादा एफएसआयचा (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं त्याचा), कमाल ४ पर्यंत. कल्पना रास्त आहे: मेट्रोमुळे जमीन महागली, तर त्या वाढीतला वाटा मेट्रोला. गफलत होते ती पार्किंगमध्ये. स्थानकापासून चालत पाच मिनिटांवरच्या उंच इमारतीत घरटी दोन गाड्यांची सोय दिली, तर तिथे राहायला येणारा मेट्रोचा प्रवासी नसतो, तो खालच्या कोंडीचा नवा भागीदार असतो. या पट्ट्यात घर घेणाऱ्याने स्थानकापर्यंतचा पदपथ आधी एकदा संध्याकाळी चालून बघावा. माहितीपुस्तिकेतलं ‘मेट्रो ५ मिनिटांवर’ हे बहुधा सरळ रेषेत मोजलेलं असतं.

तर कोणी वापरावी? पिंपरी, कासारवाडी, दापोडीहून शिवाजीनगर किंवा स्वारगेटला रोज येणाऱ्याने डोळे मिटून. पौड रस्ता आणि कर्वे रस्त्याला लागून राहणाऱ्यानेही. विमानतळाला जाणाऱ्याने रामवाडीला उतरून पुढची बस किंवा रिक्षा धरावी, दोन बॅगांपर्यंत ठीक. स्थानकापासून दोन किलोमीटर आत राहणाऱ्याने दुचाकी स्थानकावर लावून पुढे जायचा विचार असेल तर वाहनतळ आहे का ते आधी पाहून घ्यावं. ती सोय मोजक्याच स्थानकांवर आहे, आणि खांबाखाली लावलेली गाडी उचलली जाते. रात्री उशिरा परतणार असाल तर मेट्रोची शेवटची गाडी बघू नका, ती अकरापर्यंत असते. उतरल्यावर घरापर्यंतची शेवटची बस किती वाजता सुटते ते बघा, आणि त्यावरून मागे मोजत या.